खिशात मावणारं पिस्तूल बनवलं, नाव जगभर गेलं, पण स्पेलिंग चुकलेलं : हेन्री डेरिंजरची गोष्ट

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घ्यायला गेलेल्या अमेरिकन माणसाच्या अटी ठरलेल्या असतात. हलकं हवं, खिशात मावलं पाहिजे आणि कुणाला दिसता कामा नये. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकालाही हेच हवं होतं. तेव्हा तो हेन्री डेरिंजरचं पिस्तूल मागायचा.

हेन्रीचा जन्म १७८६ चा, पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनचा. वडील जर्मनीतून आलेले बंदूक कारागीर. पोरानं रिचमंडमध्ये उमेदवारी केली आणि १८०६ मध्ये फिलाडेल्फियात स्वतःचं दुकान टाकलं. पुढची बरीच वर्षं सैन्यासाठी रायफली बनवण्यात गेली. पैसा बरा मिळत होता, पण नाव झालं ते खिशातल्या पिस्तुलामुळं.

हे पिस्तूल ठासणीचं. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरायची, मागं टोपी बसवायची आणि घोडा दाबायचा. गारगोटीच्या जुन्या यंत्रणेपेक्षा टोपीची यंत्रणा आटोपशीर, त्यामुळंच एवढं छोटं हत्यार जमलं. गोळी मात्र जाडजूड, कारण नळी आखूड असली तरी जवळच्या माणसावर परिणाम झाला पाहिजे. दहा पावलांपलीकडं नेमाची खात्री नाही. आणि मोठी अडचण म्हणजे बार एकच. तो चुकला की खेळ खल्लास.

त्याच काळात सॅम्युअल कोल्टची सहा बारांची रिव्हॉल्व्हर मिळत होती. पण १८५१ च्या नेव्ही मॉडेलचं वजन सव्वा किलोच्या आसपास, ते कमरेलाच लावावं लागायचं. डेरिंजर जेमतेम पाव किलोचं. मग लोकांनी तोडगा काढला आणि डेरिंजरची जोडीच घ्यायला सुरुवात केली. एक डाव्या खिशात, एक उजव्या.

१८४९ ला सोन्याच्या मागं लोक कॅलिफोर्नियाला धावले आणि मागणी वाढली. इथंच हेन्री फसला. कोल्टनं पेटंट घेतलं होतं, यानं घेतलंच नाही. हाताखालून गेलेल्या कारागिरांनी हुबेहूब नकला काढल्या, वर त्याचंच नाव ठोकलं. एका कंपनीनं तर कहर केला. जॉन डेरिंजर नावाच्या शिंप्याला हाताशी धरलं आणि त्याचं नाव पिस्तुलांवर छापलं. आडनाव खरं, माल दुसऱ्याचा! हेन्री कोर्टात गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्लेट नावाच्या व्यापाऱ्याविरुद्धच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं डेरिंजरच्या बाजूनं निकाल दिला. अमेरिकेतल्या ट्रेडमार्क कायद्यात हा खटला महत्त्वाचा मानतात.

मग आली १४ एप्रिल १८६५ ची रात्र. वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथ खिशात डेरिंजर घेऊन राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या बॉक्समध्ये शिरला आणि मागून डोक्यात गोळी घातली. जो लपण्याचा गुण गिऱ्हाइकाला सुरक्षित वाटायचा, तोच मारेकऱ्याच्या कामी आला. शेजारचे मेजर रॅथबोन अंगावर धावले, तेव्हा पिस्तूल रिकामं होतं. बूथनं ते टाकलं आणि चाकू चालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन गेले.

पेपरांत बातम्या आल्या, तेव्हा डेरिंजरच्या स्पेलिंगमध्ये एका ‘आर’चे दोन झाले आणि तेच रूढ झालं. १८६६ पासून रेमिंग्टननं दोन नळ्यांचं छोटं पिस्तूल विकायला काढलं, तेही लोकांच्या तोंडी डेरिंजरच. हेन्री १८६८ मध्ये वारला. रेमिंग्टनचं ते पिस्तूल १९३५ पर्यंत बनत होतं.