मादाम द स्ताल : राष्ट्रांराष्ट्रांतील ग्रंथसेतू

युरोपांतील राष्ट्रें एकमेकांशीं लढण्यांत गुंतलीं असतांना त्यांच्या ग्रंथकारांना एकमेकांचे शेजारी करण्याचें काम ज्या थोड्या व्यक्तींनीं केलें, त्यांत मादाम द स्ताल ह्या विदुषीचें नांव अग्रभागीं येतें. ह्या कार्यासाठीं त्यांना देशत्याग सोसावा लागला. म्हणूनच त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें असें आहे.

ह्या बाईंचा जन्म ता. २२ एप्रिल १७६६ रोजीं पॅरिस शहरीं झाला. माहेरचें नांव जर्मेन नेकर. वडील जाक नेकर हे मूळचे जिनीव्हाचे. पेढीच्या धंद्यांत नांव कमावून पुढें ते फ्रान्सच्या सोळाव्या लुईचे अर्थमंत्री झाले. आई सूझान ही एका स्विस पाळकाची कन्या. तिच्या दिवाणखान्यांत पॅरिसमधील पंडितमंडळी जमत असे, व लहानगी जर्मेन आईजवळ बसून त्यांचे वादविवाद ऐकत असे. १७८६ सालीं स्वीडनचे वकील बॅरन द स्ताल ह्यांच्याशीं तिचा विवाह झाला. जन्मानें पॅरिसची, कुळानें स्विस व लग्नानें स्वीडिश अशी ही स्त्री एका देशाच्या कुंपणांत मावणारी नव्हतीच.

१७८९ च्या राज्यक्रांतीचें त्यांनीं आरंभीं स्वागत केलें. परंतु १७९२ च्या सप्टेंबरांत पॅरिसमध्यें कत्तली सुरू झाल्या, तेव्हां त्यांना जिनीव्हा सरोवरांकाठच्या कोपे येथील वडिलांच्या वाड्यांत आश्रय घ्यावा लागला. पुढें नेपोलियनची सत्ता आली. त्याला स्तुति हवी होती, आणि बाईंना विचारस्वातंत्र्य. १८०३ सालीं पॅरिसपासून सुमारें शंभर मैलांच्या आंत येऊं नये, असा हुकूम त्यांस झाला.

दुसरी एखादी व्यक्ति ह्या आघातानें खचली असती. बाईंनीं मात्र हद्दपारीचाच विद्याभ्यासासाठीं उपयोग केला. मुलांना बरोबर घेऊन त्या जर्मनींत गेल्या. त्या काळीं पॅरिसच्या विद्वानांस जर्मन वाङ्मयाची फारशी ओळख नव्हती, व ती करून घ्यावी असेंहि बहुतेकांस वाटत नसे. वायमार येथें गटे व शिलर ह्यांच्याशीं बाईंची भेट झाली. शिलर फ्रेंच बोलतांना अडखळत, तर बाईंचें जर्मन तोंवर कच्चें होतें. तरीहि चर्चा चालू राहिल्या. बर्लिनमध्यें आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल ह्या पंडितांची गांठ पडली. शेक्सपिअरच्या नाटकांचें सरस जर्मन भाषांतर करणारे ते हेच. बाईंनीं त्यांना मुलांचे शिक्षक म्हणून आपल्याबरोबर नेलें.

ह्यापुढें कोपेचा वाडा म्हणजे युरोपांतील ग्रंथकारांची जणूं एक धर्मशाळाच बनली. श्लेगेल, इतिहासकार सिस्मोंदी, बॉन्स्टेटन, बेंजामिन कॉन्स्टंट अशी नाना देशांची व धर्मपंथांची मंडळी तेथें राहून लिहीत व वाद करीत. कॉन्स्टंट ह्यांनीं शिलरचें वालेनस्टाइनविषयींचें नाटक फ्रेंचांत उतरविलें. श्लेगेल ह्यांनीं व्हिएन्ना येथें नाट्यकलेवर दिलेलीं व्याख्यानें बाईंच्या आप्त मादाम नेकर द सोस्यूर ह्यांनीं फ्रेंच वाचकांपुढें आणलीं. बाईंनीं स्वतः इटलीचा प्रवास करून १८०७ सालीं कोरीन ही कादंबरी प्रसिद्ध केली.

ह्या सर्व परिश्रमांचें फळ म्हणजे जर्मनीविषयींचा त्यांचा मोठा ग्रंथ. १८१० सालीं त्याची छपाई झाली. सरकारी तपासनिसांनीं कांहीं मजकूर गाळून ग्रंथास संमतीहि दिली होती. इतक्यांत पोलिसमंत्री साव्हारी ह्याच्या हुकुमानें हजारों छापील प्रती जप्त होऊन त्यांचा लगदा करण्यांत आला, व बाईंना देश सोडण्याची आज्ञा झाली. हा ग्रंथ फ्रेंच वृत्तीचा नाहीं, असा आक्षेप होता. परक्यांचे गुण मोकळ्या मनानें सांगणें हाच अपराध ठरला! सुदैवानें ग्रंथाची एक प्रत सुरक्षित राहिली.

१८११ सालीं नेपोलियनला पुत्र झाला, तेव्हां त्या प्रसंगीं चार गौरवाचे शब्द लिहावे, असें जिनीव्हाच्या अधिकाऱ्यानें बाईंना सुचविलें. एवढें केलें असतें तर कदाचित् पॅरिसचें दार उघडलें असतें. बाईंनीं लेखणी विकली नाहीं. १८१२ च्या मे महिन्यांत त्या कोपेहून गुप्तपणें निघाल्या. पश्चिमेकडील वाटा बंद असल्यानें व्हिएन्ना, कीव्ह, मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग व स्टॉकहोम असा वळसा घेत त्या इंग्लंडला पोहोंचल्या. तेथें १८१३ सालीं लंडनचे प्रकाशक जॉन मरे ह्यांनीं तोच ग्रंथ छापला. नेपोलियनच्या पतनानंतर तो फ्रान्समध्येंहि आला, आणि फ्रेंच तरुण लेखकांना एक नवें जग दिसलें.

१८१६ सालीं मिलान येथील एका मासिकांत बाईंचा भाषांतराच्या उपयुक्ततेवरील लेख प्रसिद्ध झाला. इटालियन लेखकांनीं जुन्याचीच पुनरावृत्ति न करितां इंग्रजी व जर्मन ग्रंथांचीं भाषांतरें करावीं, असा त्यांचा आग्रह होता. परक्यांचें अनुकरण करा असें त्यांचें म्हणणें नव्हतें. दुसऱ्यांची रीत पाहिल्यावांचून स्वतःच्या सवयींतून सुटका होत नाहीं, एवढेंच त्या सांगत होत्या. कित्येक इटालियन पंडितांना राग आला. परंतु त्या वादांतूनच तेथील नव्या वाङ्मयाला चालना मिळाली.

ता. १४ जुलै १८१७ रोजीं पॅरिस येथें वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षीं बाईंचें देहावसान झालें. कोपे येथें आईबापांशेजारीं त्यांना चिरविश्रांति मिळाली. त्यांचे स्नेही श्लेगेल पुढें बॉन विद्यापीठांत संस्कृतचे अध्यापक झाले आणि १८२३ सालीं त्यांनीं भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह छापली. कोपे येथें ज्या व्यासंगाची जोपासना झाली, त्याची एक शाखा अशी आपल्या देशापर्यंत येऊन पोहोंचली.

विद्यार्थिमित्रहो, आपण शाळेंत तीनतीन भाषा शिकतों त्या केवळ परीक्षेपुरत्या नव्हेत. आपल्या भाषेवर प्रेम असणें हें कर्तव्यच होय. पण शेजाऱ्याच्या भाषेंतील चांगलें तें ओळखून आपल्या घरीं आणणें हीहि मातृभाषेची सेवाच आहे. ज्या सम्राटानें हा ग्रंथ नष्ट करविला त्याचें साम्राज्य बाईंच्या डोळ्यांदेखत लयास गेलें. तो ग्रंथ मात्र आजहि वाचला जात आहे.