एका रात्रीत लिहिलेलं पिंग: माइक मूस यांची गोष्ट

हर्णे बंदरावर संध्याकाळी लाँच परत येतात, वाळूवर मासळीचा लिलाव सुरू होतो, समोर सुवर्णदुर्ग. अशा वेळी कोणाचं तरी पेमेंट अडकतंच. मोबाइलवर गोल चक्र फिरत राहतं आणि आपण म्हणतो, नेट गेलं.

पण गेलं म्हणजे नेमकं कुठे गेलं? आपल्या फोनपाशी? टॉवरपाशी? मुंबईत? की बँकेच्या सर्व्हरपाशी?

हा प्रश्न कॉम्प्युटरला विचारायचं सगळ्यात साधं हत्यार म्हणजे पिंग. ते माइक मूस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने लिहिलं. त्याचं नाव कुठून आलं, हे बंदरावरच्या कुठल्याही तांडेलाला पटकन कळेल.

आवाज सोडा, प्रतिध्वनी ऐका

मासे शोधायचं यंत्र लावलेल्या लाँचवर काय होतं बघा. बोटीच्या तळातून पाण्यात आवाजाचा एक ठोका सोडला जातो. तो समुद्राच्या तळावर किंवा माशांच्या थव्यावर आपटून परत येतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. म्हणजे प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात आला, तर तळ ३० मीटरवर आहे. पाणबुड्यांमधलं सोनार याच तत्त्वावर चालतं आणि त्याचा तो पिंग असा आवाज, तेच या प्रोग्रॅमचं नाव. ते कुठल्याही लांबलचक नावाचं लघुरूप नाही.

मूस यांचा जन्म १९५८ चा, अमेरिकेतल्या आयोवा सिटीचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९७९ मध्ये त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. कॉलेजात असताना सोनार आणि रडारची गणितं त्यांनी भरपूर केली होती. पुढे ते मेरीलँडमधल्या अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत, म्हणजे बीआरएलमध्ये काम करू लागले. तिथलं त्यांचं मोठं काम वेगळंच होतं. रणगाड्यासारख्या वस्तूंची घन आकृती कॉम्प्युटरवर उभी करून तिचा अभ्यास करणारं बीआरएल-कॅड हे सॉफ्टवेअर त्यांनी सुरू केलं.

डिसेंबर १९८३ ची रात्र

१ जानेवारी १९८३ ला अर्पानेटने टीसीपी/आयपी स्वीकारलं. आजचं इंटरनेट ज्या नियमांवर चालतं, ते तेव्हा नवे कोरे होते. नेटवर्क बिघडलं की कुठे बघायचं, हे शोधण्याची साधनं फारच थोडी होती.

त्या वर्षी जुलैमध्ये नॉर्वेत एक बैठक झाली. तिथे डेव्ह मिल्स यांनी बोलता बोलता सांगितलं, की आयसीएमपीचे प्रतिध्वनी-पॅकेट पाठवून वाटेत किती वेळ लागतो ते आपण मोजलं आहे. आयसीएमपी म्हणजे नेटवर्कने स्वतःबद्दलचे निरोप देण्याची पद्धत. तिचे नियम १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून ठेवले होते. प्रतिध्वनीची विनंती आली की उत्तर द्यायचं, हा त्यातलाच एक नियम.

डिसेंबरमध्ये बीआरएलचं नेटवर्क विचित्र वागू लागलं. मूस यांना मिल्सचं बोलणं आठवलं आणि त्यांनी भराभर प्रोग्रॅम लिहून काढला. तो कंपाइल झाला, पण चालेना! असे पॅकेट थेट पाठवायची सोय त्या युनिक्सच्या गाभ्यातच नव्हती. मग चिडून त्यांनी तीही लिहिली. पहाटेच्या आत सगळं चालू झालं.

गंमत अशी, की त्यांचं पहिलं पिंग सुटायच्या आधीच एका सहकाऱ्याने बिघडलेलं हार्डवेअर शोधून दुरुस्त केलं होतं. ज्या बिघाडासाठी रात्र जागवली, त्याला पिंगचा काहीच उपयोग झाला नाही. पण बर्कली विद्यापीठाच्या मंडळींनी तो प्रोग्रॅम आणि गाभ्यातले बदल आपल्या युनिक्समध्ये घेतले आणि पिंग जगभर पोचलं. सगळा मिळून साधारण हजार ओळींचा कोड.

एका नेटवर्क सांभाळणाऱ्याचा, मूस यांनी ऐकलेला किस्सा तर भन्नाट आहे. त्याच्या ऑफिसातलं कनेक्शन मधूनमधून तुटायचं. त्याने पिंगचं प्रत्येक उत्तर स्पीकरवर बोलतं केलं, आवाज मोठा ठेवला आणि तो इमारतभर एकेक केबल हलवत फिरला. ज्या केबलपाशी आवाज बंद पडला, ती खराब!

पण अडलं कुठे?

पिंग दोन गोष्टी सांगतं: उत्तर आलं का, आणि किती मिलिसेकंदांत. दहा पॅकेट सोडली आणि सातच परतली, तर ३० टक्के गळती. पण ती कुठे झाली, हे काही त्यात कळत नाही. वाटेतल्या राउटरचे पत्ते पॅकेटमध्येच नोंदवायची एक सोय होती, पण तिथे जास्तीत जास्त नऊच पत्ते मावतात.

ही अडचण ट्रेसरूटने सोडवली. तो व्हॅन जेकबसन यांनी लिहिला, कल्पना स्टीव्ह डिअरिंग यांची. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट फेकून दिलं जातं आणि पाठवणाऱ्याला तसा निरोप जातो. पॅकेट चुकून गोल गोल फिरत राहू नये म्हणून ही सोय केलेली. ट्रेसरूट तिचा वेगळाच फायदा घेतो.

हर्ण्याहून दापोलीच्या एसटीत बसलात, पण तिकीट एकाच टप्प्याचं काढलंत असं समजा. पहिल्या टप्प्यावर उतरून तुम्ही घरी फोन करता. मग दोन टप्प्यांचं तिकीट, मग तीन. अशी सगळ्या थांब्यांची यादी तयार होते. ट्रेसरूट टीटीएल एक, दोन, तीन असा वाढवत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर सहसा तीन पॅकेट सोडतो. विंडोजवर या आज्ञेचं नाव ट्रेसआरटी.

यादी वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवा:

१. मधेच चांदण्या दिसल्या म्हणजे नेट तुटलं असं नाही. बरेच राउटर अशा निरोपांना उत्तरच देत नाहीत. पुढचे टप्पे दिसत असतील तर वाट चालू आहे.

२. एकाच टप्प्यावर वेळ जास्त आणि पुढे पुन्हा कमी असेल, तर काळजी नको. वाढलेला वेळ शेवटपर्यंत तसाच राहिला, तरच तिथे खरी अडचण असू शकते.

३. जायची वाट आणि यायची वाट एकच असेल असं नाही. ट्रेसरूट फक्त जायची वाट दाखवतो.

बेचाळीस वर्षं

मूस नेटवर्कचे रखवालदारही होते. लष्करी कॉम्प्युटरमध्ये घुसणाऱ्या हॅकरांचा माग काढण्यात त्यांचा हात होता. क्लिफर्ड स्टोल यांच्या द कुकूज एग या पुस्तकात त्यांचा उल्लेख येतो.

२० नोव्हेंबर २००० रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय अवघं ४२. ज्या बीआरएल-कॅडवर त्यांनी अनेक वर्षं खर्च केली, ते २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि आजही त्यावर काम चालू आहे. पण जग त्यांना ओळखतं ते त्या एका रात्रीमुळे. त्यांनी स्वतःच गमतीने लिहून ठेवलंय, की हेच आपलं सगळ्यात गाजलेलं काम ठरणार हे माहीत असतं, तर आणखी एकदोन दिवस दिले असते.

पुढच्या वेळी वायफायवर चक्र फिरत राहिलं, तर वैतागण्याआधी दोन मिनिटं द्या. अँड्रॉइडवर टर्मक्ससारख्या अ‍ॅपमध्ये पिंग चालतं. आधी घरच्या राउटरला पिंग करा. उत्तर आलं नाही तर गडबड घरातच. आलं, तर बाहेरच्या एखाद्या साइटला करा. तिथे अडलं, तर ट्रेसरूट चालवा आणि त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीसोबत जोडा. नेट गेलं एवढंच सांगण्यापेक्षा कितव्या टप्प्यानंतर उत्तर येत नाही हे सांगितलं, तर पलीकडच्या माणसाला कुठून बघायला सुरुवात करायची ते कळतं.