लीला राव

आषाढी जवळ आली की आपल्या भालकी, बसवकल्याण आणि आळंद तालुक्यांतील गावागावांतून पंढरपूरच्या वाटेने दिंड्या निघतात. घरात गाथेची प्रत असते; आजोबा ती चष्मा लावून वाचतात आणि नातवंडे भोवती बसून ऐकतात. ही गाथा शास्त्रीय पद्धतीने, जुन्या वह्या ताडून, प्रथम छापली कोणी, हा प्रश्न मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच मनात आला असेल. १८६९ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून तिचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. तिचे संपादक दोघे, आणि दोघांचेही आडनाव पंडित: विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित. म्हणूनच जाणकार त्या आवृत्तीला पंडिती गाथा म्हणतात.

यांपैकी शंकर पांडुरंग पंडितांची नात टेनिस खेळत असे. नुसती खेळत नसे, तर हिंदुस्थानचे अजिंक्यपद तिने सात वेळा जिंकले आणि इंग्लंडमधील विंबल्डनच्या हिरवळीवर एक सामना जिंकून दाखविला. तिचे नाव लीला राव. गाथा आणि टेनिस यांचा संबंध काय, असे कोणी विचारील, म्हणून हा चरित्रलेख आजोबांपासूनच आरंभिला आहे. त्या घराण्यात एका पिढीने जे हाती घेतले ते दुसरीने नुसते कपाटात जपून ठेवले नाही.

शंकर पांडुरंग हे सावंतवाडीकडचे. संस्कृत व प्राकृत यांत त्यांचा अधिकार मोठा होता. कालिदासाची काव्यनाटके त्यांनी संपादिली, सायणभाष्यासह अथर्ववेद सिद्ध केला, आणि ऋग्वेदाचा अर्थ सामान्य वाचकापर्यंत पोहोचावा म्हणून ‘वेदार्थयत्न’ नावाचे नियतकालिक चालविले. सरकारी नोकरीत असताना ते पोरबंदर संस्थानचे प्रशासक झाले. तेथे स्वामी विवेकानंद त्यांच्या घरी राहिले होते व अथर्ववेदाच्या कामात त्यांनी पंडितांना साहाय्यही केले होते. १८७४ साली लंडनला भरलेल्या प्राच्यविद्यापरिषदेस पंडित गेले होते. समुद्र ओलांडणे हे पाप समजणारी मंडळी त्या काळी घरोघर होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या प्रवासाचे मोल कळते.

१८९४ साली पंडित निवर्तले. त्यांची कन्या क्षमा त्या वेळी अवघी तीन वर्षांची होती. पितृछत्र हरपलेली ही मुलगी पुढे मुंबईचे नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्या घरी सून म्हणून आली, आणि संसार सांभाळून संस्कृतात ग्रंथ लिहू लागली. पंडिता क्षमाबाई राव या नावाने तिला आज विद्वान ओळखतात. गांधीजींच्या चळवळीवर तिने ‘सत्याग्रहगीता’ रचली. भगवद्गीतेप्रमाणेच हिचेही अध्याय अठरा आणि छंद अनुष्टुभ. विषय मात्र मिठाचा कायदा व खेड्यापाड्यांतील शेतकरी! इंग्रजी अमलात असे पुस्तक येथे छापणे धोक्याचे, म्हणून ते १९३२ साली पॅरिसला छापावे लागले. विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ लिहिली ती आपल्या कल्याणात, तेव्हा या भागाला संस्कृत ग्रंथांचे अप्रूप नाही. परंतु चालू घडीचा इतिहास संस्कृतात लिहिणारी गृहिणी आपल्यालाही विरळाच वाटेल.

या क्षमाबाई टेनिसही उत्तम खेळत. मुंबईच्या स्पर्धांत त्यांनी यश मिळविले होते. सकाळी श्लोक आणि संध्याकाळी रॅकेट, असे ते घर होते.

अशा घरात १९ डिसेंबर १९११ रोजी लीलेचा जन्म झाला. तिच्या बालपणीचे मुंबई शहर डोळ्यांसमोर आणावयास हवे. टेनिस हा खेळ इंग्रज अंमलदारांच्या क्लबांतला. मैदानाची निगा, चेंडू, रॅकेट, शुभ्र पोशाख, सारेच खर्चाचे. मुलींनी माध्यमिक शाळेत जाणे हेच जेथे पुष्कळ कुटुंबांना जड वाटे, तेथे त्यांनी चारचौघांसमोर धावावे, घामाघूम व्हावे, हरावे आणि जिंकावे, ही कल्पना किती घरांना रुचली असती? लीलेला घरची अडचण नव्हती, हे तिचे भाग्य खरे. पण भाग्याने मैदान मिळते. गुण मिळत नाही. चेंडू जाळ्यापलीकडे घालवावयाचा तो ज्याचा त्यानेच.

१९३१ साली, आपली आजची मुलगी महाविद्यालयाच्या वर्गात बसते त्या वयात, लीला अखिल भारतीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत उतरली. या स्पर्धेत हिंदी खेळाडूंबरोबर येथे राहणाऱ्या युरोपियन व अँग्लो-इंडियन स्त्रियाही असत, आणि स्त्रियांच्या टेनिसमध्ये दबदबा त्यांचाच होता. बंगालकडील जेनी सँडिसन ही त्या वेळची नावाजलेली खेळाडू. ती १९२९ साली विंबल्डनला खेळून आलेली होती. १९३१ च्या अंतिम सामन्यात लीलेची गाठ लेना मॅकेना हिच्याशी पडली. एकही सेट न गमावता लीलेने तो सामना जिंकला. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी ती सबंध हिंदुस्थानची अजिंक्यवीर ठरली. त्याच वर्षी तिने फ्रान्सच्या स्पर्धेतही भाग घेतला.

यानंतर पाच वर्षे अजिंक्यपद तिच्याकडे परत आले नाही. चरित्रे लिहिणारे अशी वर्षे एका वाक्यात ओलांडून जातात. प्रत्यक्षात खेळाडूची पारख त्याच वर्षांत होत असते. एकदा शिखरावर जाऊन आलेल्या मनुष्याला पुन्हा पायथ्याशी उभे राहून चढ मोजणे कठीण वाटते, आणि कित्येक जण तेथूनच घरी वळतात. लीला वळली नाही. उलट याच मधल्या काळात, देशात पद हाती नसताना, ती विंबल्डनला गेली.

१९३४ चा उन्हाळा. मुंबईहून बोटीने निघावयाचे, एडन व सुवेझचा कालवा ओलांडावयाचा, आणि दोन-तीन आठवड्यांनी विलायतेच्या किनाऱ्यास लागावयाचे. बोटीच्या डेकवर टेनिसचा सराव तो काय होणार! आजोबा याच वाटेने साठ वर्षांपूर्वी शोधनिबंध घेऊन गेले होते. नात रॅकेट घेऊन निघाली होती.

विंबल्डन म्हणजे लंडन शहराचा एक भाग. तेथील क्लबाने १८७७ मध्ये पुरुषांसाठी व १८८४ मध्ये स्त्रियांसाठी ही स्पर्धा सुरू केली. मैदान गवताचे. गवतावर चेंडू फार उसळत नाही, सरपटत आणि वेगाने येतो; म्हणून खेळाडूला गुडघे वाकवून, खाली झुकून खेळावे लागते. आपल्याकडील कडक जमिनीवर शिकलेल्या खेळाडूची पहिली काही मिनिटे हा हिशेब जुळविण्यातच जातात.

पहिल्या फेरीत लीलेसमोर आली ग्लॅडिस साउथवेल नावाची इंग्रज खेळाडू. पहिला सेट साउथवेलने ६-४ असा घेतला. स्त्रियांच्या सामन्यात दोन सेट जिंकले की सामना संपतो. म्हणजे दुसरा सेट हातचा गेला असता तर हजारो मैलांचा तो प्रवास तासाभरात मातीमोल झाला असता.

या दुसऱ्या सेटविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण माझ्या मते लीला रावचे सारे खेळाडूपण त्यात उतरले आहे. विद्यार्थिमित्रांनी टेनिसची गणना ठाऊक करून घ्यावी. सहा गेम प्रथम जिंकणाऱ्यास सेट मिळतो. मात्र प्रतिस्पर्ध्याहून निदान दोन गेम अधिक हवेत. आज सहा-सहा अशी बरोबरी झाली की टायब्रेक खेळवून निकाल लावतात. ही सोय विंबल्डनला आली ती १९७१ साली. १९३४ मध्ये दोन गेमांची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहण्यावाचून उपाय नसे, मग रात्र का होईना. हा सेट लीलेने १०-८ असा जिंकला. या आकड्यांकडे क्षणभर पाहावे. १०-८ होण्यासाठी पाच-पाच, सहा-सहा, सात-सात, आठ-आठ अशी चार वेळा बरोबरी झालीच पाहिजे; त्यावाचून हा आकडा निघतच नाही. चार वेळा दोघी एकाच पायरीवर उभ्या होत्या. आणि एक सेट गाठीशी असलेल्या साउथवेलला त्या प्रत्येक बरोबरीनंतर अवघे दोन गेम लागोपाठ हवे होते. ते मिळताच सामना तिचा होता. ते दोन गेम लीलेने तिला एकदाही मिळू दिले नाहीत. शेवटी आठ-आठवरून लागोपाठ दोन गेम घेतले ते लीलेने.

तिसऱ्या सेटमध्ये साउथवेलचा जोर ओसरला असावा. तो लीलेने ६-२ असा सहज घेतला. ४-६, १०-८, ६-२: एकूण छत्तीस गेम. एका गेमला किमान चार गुण लागतात, म्हणजे त्या दिवशी निदान एकशे चव्वेचाळीस वेळा खेळ नव्याने सुरू झाला. विंबल्डनच्या मुख्य स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री हा मान लीला रावकडे जातो तो या विजयामुळे.

दुसऱ्या फेरीत इडा अ‍ॅडमॉफ या फ्रान्सच्या खेळाडूने तिचा पराभव केला. त्या वर्षीचे अजिंक्यपद डोरोथी राउंडने व पुरुषांचे फ्रेड पेरीने जिंकले. इंग्रजी वृत्तपत्रांना कौतुक करावयास घरचेच दोघे सापडले होते. पुढील वर्षी, १९३५ मध्ये, लीला पुन्हा विंबल्डनला गेली आणि पहिल्याच फेरीत इव्हलिन डिअरमनकडून हरली. दोन वेळचा प्रवास, तीन सामने, एक विजय. जमाखर्चाच्या वहीत हा व्यवहार तोट्याचाच दिसेल.

परंतु विलायतेहून आलेली लीला पूर्वीची राहिली नव्हती. १९३६ साली तिने अखिल भारतीय अजिंक्यपद पुन्हा मिळविले. मग १९३७, १९३८, १९४० आणि १९४१. शेवटचे, सातवे, १९४३ साली. पहिले व शेवटचे यांच्यात बारा वर्षांचे अंतर आहे. धावण्याच्या खेळात बारा वर्षे पहिल्या ओळीत टिकणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि यांतील पुष्कळसा काळ तर महायुद्धाचा. विंबल्डनची स्पर्धा १९४० पासून युद्धामुळे बंदच होती. तिसऱ्या वेळी जावे म्हटले असते तरी जाण्यासारखे काही उरले नव्हते.

१९४३ हेच तिच्या विवाहाचेही वर्ष. पती हरीश्वर दयाल हे आय. सी. एस. अधिकारी. स्वातंत्र्यानंतर ते सिक्किममध्ये भारत सरकारचे राजकीय अधिकारी झाले आणि पुढे नेपाळमध्ये राजदूत. मुंबईच्या समुद्राकाठी वाढलेल्या लीलाबाईंचा संसार असा हिमालयाच्या कुशीत गेला. १९६४ साली एव्हरेस्टच्या परिसरातील खुंबू भागात पदयात्रेवर असतानाच हरीश्वर दयाल यांचे निधन झाले.

रॅकेट खाली ठेवल्यावर लीलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. भारतीय नृत्याचा त्यांनी कसून अभ्यास केला व ‘नृत्तमंजरी’ हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. हात, पाय, मान, दृष्टी यांच्या एकेका हालचालीला आपल्या शास्त्रकारांनी नाव दिले आहे. ज्या बाईने आयुष्याची उमेद पायांच्या आणि मनगटाच्या हालचालींत घातली, तिला या शास्त्राची गोडी लागावी यात मला तरी नवल वाटत नाही.

त्याहून मोठे काम आईच्या संबंधातले. क्षमाबाईंनी संस्कृतात कथा लिहिल्या होत्या. विधवांचे दुःख, गरिबांची उपेक्षा, खेड्यांतील माणसे असे त्यांचे विषय. संतचरित्रेही त्यांनी श्लोकबद्ध केली: १९५० साली तुकारामांचे, १९५३ साली रामदासांचे. २२ एप्रिल १९५४ रोजी क्षमाबाई वारल्या. सत्याग्रहाच्या इतिहासाचा त्यांनी रचलेला अखेरचा भाग, ‘स्वराज्यविजय’, त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. काव्य विद्वानांपुरते राहते, नाटक चारचौघांत जाते, हे जाणून लीलाबाईंनी आईच्या कथांची संस्कृत नाटके केली. ‘बालविधवा’, ‘होलिकोत्सव’, ‘गणेशचतुर्थी’ अशी त्यांची सुटसुटीत नावे आहेत, आणि भाषाही अशी की शाळेत संस्कृत घेतलेल्या मुलाने थोडा धीर धरला तर ती त्याला उमजावी.

कथांबरोबर त्यांनी आईची संतचरित्रेही रंगभूमीसाठी बांधली. ज्ञानेश्वरांवर एक नाटक लिहिले, आणि एक तुकारामांवर. आजोबांनी वह्या ताडून ज्याचे अभंग छापले, आईने ज्याचे चरित्र श्लोकांत गायिले, त्या देहूच्या वाण्याला नातीने पात्रांच्या तोंडून बोलते केले.