बंद पेटीत डोकावणारा राँटजेन

मागच्या दिवाळीनंतर पौडहून निघताना आईने बॅगेत पाच किलो आंबेमोहोर कोंबला. विमानतळावर एक्स-रे मशीनमधून बॅग बाहेर आली आणि बाजूला गेली. उघडायला लावली, तांदूळ पाहिला, सोडून दिली. हिंजवडीत दिवसभर कोड लिहिणाऱ्या मला तेव्हा प्रश्न पडला, की बंद बॅगेतलं यांना दिसतं तरी कसं? उत्तर शोधता शोधता विल्हेल्म राँटजेनपर्यंत पोहोचलो.

राँटजेनचा जन्म २७ मार्च १८४५ चा, जर्मनीतल्या लेनेपचा. वडील कापडाचे व्यापारी. लहानपण हॉलंडमध्ये गेलं. शाळेत कुणीतरी मास्तरांचं व्यंगचित्र काढलं. याने काढणाऱ्याचं नाव सांगितलं नाही आणि यालाच शाळेतून काढलं, असं सांगतात. दाखल्याअभावी नेहमीची विद्यापीठं बंद झाली. मग प्रवेश परीक्षा देऊन झुरिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. म्हणजे गडी मूळचा आपल्यातलाच, नंतर फिजिक्सकडे वळलेला!

८ नोव्हेंबर १८९५. वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत अंधार. विजेची नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली, तरी थोड्या अंतरावरचा रसायन लावलेला पडदा चमकला. पुठ्ठा भेदणारे हे किरण कसले ते माहीत नाही, म्हणून नाव ठेवलं एक्स. पुढचे काही आठवडे तो तिथेच जेवला, तिथेच झोपला. २२ डिसेंबरला बायको बर्था हिच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडं आणि अंगठी दिसली. त्याने आणखी एक फोटो काढला होता: बंद लाकडी पेटीतल्या धातूच्या वजनांचा. माझ्या मते बॅगेज स्कॅनिंगची सुरुवात हीच.

आजचं मशीन तेच करतं, फक्त दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण वापरून. कोणते किरण किती अडले यावरून कॉम्प्युटर रंग भरतो. धातू निळा, सेंद्रिय पदार्थ नारिंगी, मधलं काही असेल तर हिरवं. गोची अशी, की तांदूळ, लाडू, साबण नारिंगी आणि बरीचशी स्फोटकंही नारिंगी. त्यात पाच किलोचा घट्ट गठ्ठा! बॅग उघडली ती म्हणून.

हा फालतू त्रास वाटत असेल, तर २३ जून १९८५ आठवा. एअर इंडियाच्या कनिष्क विमानात बॉम्बची बॅग चढली, तिचा मालक मात्र चढलाच नाही. टोरांटोला सामान तपासणारं एक्स-रे मशीन त्या दिवशी मध्येच बंद पडलं होतं आणि हातातल्या यंत्राने काम भागवलं गेलं. ३२९ माणसं गेली.

राँटजेनने या शोधाचं पेटंट घेतलं नाही. १९०१ चं फिजिक्सचं पहिलं नोबेल त्याला मिळालं, त्याचे पैसेही विद्यापीठाला दिले. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत त्याची शिल्लक मातीमोल झाली. १० फेब्रुवारी १९२३ ला म्युनिकमध्ये तो वारला. पेटंट घेतलं असतं तर म्हातारपण सुखात गेलं असतं. पण मग गावोगावच्या दवाखान्यात एक्स-रे इतक्या लवकर पोहोचला असता का?

आता मी तांदूळ वरच ठेवतो, पॉवर बँक केबिन बॅगेत. आणि बॅग बाजूला घेतली, तरी चिडत नाही.