रोज समोर मॉडेल, हातात चारकोल… अमृता शेरगिलचा हात असा तयार झाला

सप्टेंबर २०२३. दिल्लीत एका लिलावात ‘द स्टोरी टेलर’ नावाचं चित्र ६१.८ कोटी रुपयांना विकलं गेलं. लिलावात विकलेलं ते तेव्हाचं सगळ्यात महागडं भारतीय चित्र. पुढे २०२५ मध्ये हुसेन यांच्या ‘ग्राम यात्रा’ने तो विक्रम मोडला, पण तोवर अमृता शेरगिल हे नाव पुन्हा एकदा घराघरांत पोचलं होतं.

अमृता म्हटलं की तिचं सौंदर्य, तिची प्रेमप्रकरणं आणि २८ व्या वर्षीचा मृत्यू, एवढंच बोललं जातं. रील्सही त्यावरच. पण ही बाई चित्र काढायला शिकली कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. खरी गोष्ट तर तिथंच आहे.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, बुडापेस्टचा. वडील उमरावसिंग शेरगिल म्हणजे पंजाबातले सरदार, संस्कृतचे अभ्यासक आणि फोटोग्राफीचे नादी. आई मारी आंत्वानेत हंगेरियन, गाणारी आणि पियानो वाजवणारी. १९२१ मध्ये कुटुंब शिमल्याला आलं. पोरगी लहानपणापासून चित्रं काढायची, तिला शिकवायला मास्तरही लावले होते. १९२४ मध्ये आई तिला घेऊन इटलीत फ्लॉरेन्सला गेली आणि तिथल्या एका कडक कॅथलिक शाळेत घातलं. तिथं नग्न स्त्रीचं चित्र काढलं म्हणून गहजब झाला असं सांगितलं जातं. काही का असेना, त्याच वर्षी मायलेकी परत शिमल्यात.

आता एन्ट्री होते मामाची. एर्विन बाकताय. हा माणूस आधी चित्रकार होता, नंतर भारतविद्येचा अभ्यासक झाला. भारतात आल्यावर त्याने भाचीची चित्रं बघितली. त्यात बऱ्याचशा कल्पनेतल्या दुःखी नायिका. मामाने काय करावं? वाहवा करायची सोडून तिला सांगितलं की हे बंद कर आणि समोरचा जिवंत माणूस बघून काढ. मग घरातले नोकरचाकर समोर बसायला लागले. मामाच्याच आग्रहामुळे कुटुंबाने अमृताला पॅरिसला न्यायचं ठरवलं. तिच्या आयुष्यातला सगळ्यात उपयोगी सल्ला कुणाचा, असं विचारलं तर मामाचं नाव पहिलं घ्यावं लागेल.

१९२९ मध्ये शेरगिल कुटुंब पॅरिसला पोचलं तेव्हा अमृता १६ वर्षांची होती. पहिला मुक्काम मोंपार्नास भागातली ‘ग्रांद शोमिएर’ ही अकादमी, शिक्षक पिएर व्हेयाँ. १९०४ मध्ये सुरू झालेली ही शाळा मोकळीढाकळी होती आणि ती बरीच वर्षं मार्था स्टेटलर नावाची स्विस चित्रकार बाई चालवायची. पुढच्या वर्षी अमृताने फ्रान्सच्या सरकारी ‘एकोल दे बोजार’मध्ये, ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली प्रवेश घेतला.

इथं जरा थांबू. एका मुलीने त्या शाळेत जाऊन बसणं ही साधी गोष्ट नव्हती. एकोल दे बोजारने मुलींना दार उघडलं तेच मुळी १८९७ मध्ये, तेही बायकांच्या संघटनेने वर्षानुवर्षं भांडल्यावर. भांडणाच्या मुळाशी होता लाइफ क्लास. नग्न मॉडेलसमोर बसून रेखाटन करणं मुलींना शोभत नाही, असं म्हणायचे. आणि ते केलं नाही तर मोठं चित्र काढता येत नाही, असंही तेच लोक म्हणायचे. म्हणजे दोन्हीकडून कोंडी. अमृता तिथं गेली ती हे दार उघडून जेमतेम ३३ वर्षं झाल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, लाइफ क्लासमध्ये होतं काय? तर मधोमध एक लाकडी चौथरा. त्यावर मॉडेल उभी राहते किंवा बसते. भोवती विद्यार्थी आपापलं इझल लावून. सुरुवातीला मिनिटा-दोन मिनिटांच्या पोझ, त्यात डोळे आणि नाक काढत बसलात तर संपलात. पाठीचा कणा कुठे वळलाय, वजन कुठल्या पायावर आहे, तेवढं पकडायचं. उजव्या पायावर भार दिला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि तोल साधायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. हे पुस्तकात वाचून कळतं, पण हाताला कळायला शेकडो कागद जातात. मग लांबलेल्या पोझ, मध्येमध्ये मॉडेलला विश्रांती. हात ताठ करून, एक डोळा मिटून चारकोलच्या कांडीने माप घ्यायचं, डोकं शरीरात किती वेळा बसतं ते मोजायचं. चुकलं की फडक्याने झटकायचं आणि परत काढायचं. चारकोल त्यासाठीच बरा, तो सहज पुसला जातो.

अमृताच्या या काळातल्या चारकोलच्या न्यूड स्टडीज आजही आहेत. बघितल्या तर पहिल्यांदा जाणवतं ते वजन. बाई बसली आहे तर खरंच बसली आहे, जमिनीवर तिचा भार पडलाय. ही रेखाटनं प्रदर्शनात मिरवायला काढलेली नव्हती. तो रियाज होता. गवयाने पहाटे उठून खर्ज लावावा तसा.

वर्गातली पोरं एकमेकांसाठीही पोझ द्यायची. बोरिस तास्लिट्झकी हा वर्गमित्र तिच्या पोर्ट्रेट्समध्ये दिसतो. या बोरिसला पुढे नाझींनी बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. तिथं त्याने लपूनछपून मिळेल त्या कागदावर शंभरावर रेखाटनं केली. समोरचा माणूस झटपट पकडायची सवय कुठे आणि कशी कामाला येईल, सांगता येत नाही.

१९३२ मध्ये अमृताने ‘यंग गर्ल्स’ रंगवलं. खोलीत दोन मुली. एक नीट कपड्यांतली, म्हणजे सख्खी बहीण इंदिरा. दुसरी केस मोकळे सोडलेली, अर्धवट कपड्यांतली मैत्रीण. या चित्राला १९३३ मध्ये पॅरिसच्या ग्रां सालोंमध्ये सुवर्णपदक मिळालं आणि अमृता तिथली असोसिएट निवडली गेली. वय अवघं २० वर्षं.

पण रियाजाचा खरा पुरावा हवा असेल तर त्याच वर्षीचं ‘प्रोफेशनल मॉडेल’ बघावं. हे चित्र लाइफ क्लासमध्ये बसायचं काम करणाऱ्या एका बाईचं. थकलेली, ओढलेली, उतरत्या वयाची. छाती ओघळलेली, नजर कुठेच नाही. चौथऱ्यावर तासन्‌तास उभं राहून पोट भरणाऱ्या बाईकडे बाकीचे आकार म्हणून बघायचे, अमृताने तिचा थकवा बघितला. सुंदर शरीर सुंदर काढणं तुलनेने सोपं असतं. हे अवघड.

पुढच्याच वर्षी तिने स्वतःलाच मॉडेल केलं. ‘सेल्फ पोर्ट्रेट अ‍ॅज ताहिशियन’, उघड्या अंगाने उभी असलेली ती स्वतः. गोगँने ताहितीच्या बायका जशा रंगवल्या त्याचा तो संदर्भ. फरक एवढाच की इथं काढणारी आणि काढली जाणारी एकच आहे.

१९३४ च्या शेवटी ती भारतात परतली आणि खरी अडचण सुरू झाली. पॅरिसमध्ये पैसे दिले की मॉडेल मिळायची. शिमल्यात कोण बसणार? तसं मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९२० च्या आसपास नग्न मॉडेल बसवून लाइफ क्लास सुरू केला होता. पण जे. जे. शिमल्यापासून लांब. मग अमृताने पहाडी माणसं, नोकर आणि नात्यातल्या मुली बसवल्या. ‘थ्री गर्ल्स’मधल्या तिघी अशाच, अमृतसरच्या नात्यातल्या. याच चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्याआधी शिमल्याच्या कला संस्थेने तिची काही चित्रं नाकारून एकाला बक्षीस दिलं, तर बाईंनी बक्षीसच परत पाठवलं होतं.

१९३६ च्या शेवटी ती मुंबईत होती. ताजमध्ये प्रदर्शन झालं, कार्ल खंडालावाला हे वकील आणि कलासमीक्षक तिचे मित्र झाले. त्याच सुमारास ती वेरूळ-अजिंठ्याला जाऊन आली. अजिंठ्याच्या लेण्यांत तिने बघितलं ते तिच्या पॅरिसच्या शिक्षणाच्या जवळजवळ उलट होतं. तिथले स्नायू मोजून मापून काढलेले नाहीत, सावल्यांचा हिशेब नाही, आणि तरीही माणसं जिवंत. मग पाच वर्षं घासून तयार केलेल्या हाताचं करायचं काय?

तिने तो टाकला नाही. पुढे दक्षिणेत फिरून आल्यावर १९३७ मध्ये तिने ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टू मार्केट’ ही तीन चित्रं केली. तपशील गळून गेलेत, रंग सपाट झालेत. पण ‘ब्रह्मचारी’मधली बसलेली पोरं बघा, प्रत्येकाचा भार जिथे पडायला हवा तिथेच पडलाय. काय गाळायचं हे तिला कळत होतं, कारण आत काय आहे हे तिने हजारदा काढलं होतं.

१९३८ मध्ये तिने हंगेरीत मावसभाऊ डॉ. व्हिक्टर एगन याच्याशी लग्न केलं. नंतर काही काळ गोरखपूरजवळच्या सराया गावी राहून सप्टेंबर १९४१ मध्ये दोघं लाहोरला आले. तिथं डिसेंबरमध्ये तिचं प्रदर्शन ठरलं होतं. त्याआधीच अचानक आजारी पडून ५ डिसेंबर १९४१ ला ती गेली.

१९७२ च्या कायद्यानुसार तिची भारतातली चित्रं आता राष्ट्रीय ठेवा आहेत, देशाबाहेर नेता येत नाहीत. सगळ्यात मोठा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. लाहोरच्या घरात इझलवर राहिलेलं शेवटचं चित्र मात्र अर्धवटच आहे. गच्चीवरून दिसणारी घरं आणि खाली काळ्या म्हशी.