देवळालीचे आकडेवेडे मास्तर



आपल्या वर्गात सध्या सुडोकूची साथ आली आहे. आधी जिथे एकच आकडा बसतो ते घर भरायचे. मग रिकाम्या घरांत शक्य ते आकडे पेन्सिलीने बारीक लिहून जोड्या शोधायच्या. पुढे 'एक्स-विंग': दोन आडव्या ओळींत एखाद्या आकड्याला दोनच जागा उरल्या आणि त्या त्याच दोन उभ्या रांगांत असल्या, तर त्या रांगांतल्या इतर घरांतून तो आकडा खोडायचा. अंदाजपंचे काहीच भरायचे नाही. आकड्यांच्या कोड्यांत अशाच पायऱ्या चढत ज्यांनी जन्म घालवला, त्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची ओळख आम्ही करून देत आहोत.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्या आकडेमोडीतून मुलाला गणिताची गोडी लागली. ठाण्याच्या शाळेत असताना कोडी सोडवण्यात त्यांचे तासन् तास जात. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली त्यांनी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर झाले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते मास्तरच राहिले.

पुढची पदवी नव्हती, हाताशी यंत्र नव्हते. होते ते कागद, पेन्सिल आणि न संपणारे कुतूहल. पूर्वीच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनात त्यांना एक कल्पना सुचली, म्हणून त्या संख्यांना त्यांनी स्टेशनचेच नाव दिले: डेम्लो संख्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. पुढचा तुम्हीच सांगा! २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे तुकडे करून मिळवले की पुन्हा २९७. अशा संख्यांना आज 'कापरेकर संख्या' म्हणतात.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. त्यांचे जन्मवर्ष घेऊ:

९५१० – ०१५९ = ९३५१
९५३१ – १३५९ = ८१७२
८७२१ – १२७८ = ७४४३
७४४३ – ३४४७ = ३९९६
९९६३ – ३६९९ = ६२६४
६६४२ – २४६६ = ४१७६
७६४१ – १४६७ = ६१७४

६१७४ आले की पुढे तेच येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. आम्ही संगणकावर पोट भरणारी माणसे. सगळ्या चार आकडी संख्या आमचे यंत्र क्षणात तपासते. पण यंत्राला काय विचारायचे, हे आधी माणसालाच सुचावे लागते.

आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हा सारा पोरखेळ वाटला. कापरेकर रागावून थांबले नाहीत. छोट्या नियतकालिकांत लिहीत राहिले, पुस्तिका स्वतः छापत राहिले. पेन्शन पुरेना म्हणून त्यांनी शिकवण्या केल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. मास्तर तेव्हा सत्तरीचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

तेव्हा मुलांनो, कुणी तुमच्या कोड्यांना रिकामपणचा उद्योग म्हटले तर हिरमुसू नका. इथल्या उन्हात बाहेर खेळता येत नाही, पण गाडीत बसल्यावर पुढच्या गाडीची पाटी वाचता येते. चार आकडी नंबर शोधा आणि ६१७४ पर्यंत जा. अरबी आकडेही आपोआप पाठ होतील. जमले की तीन आकड्यांवर करा. तिथे ४९५ भेटेल. मग पाच आकडे घ्या. तिथे एकाच संख्येवर मुक्काम होत नाही, वेगवेगळी चक्रे सुरू होतात. ती कोणती, हे पेन्सिलीने शोधून पुढच्या शुक्रवारी वर्गात दाखवा.