ज्याच्या नावाने ‘व्हीटस्टन ब्रिज’ ओळखला जातो, त्याने तो शोधलाच नव्हता

पूल किती वाकतोय, विमानाच्या पंखावर किती ताण येतोय, हे मोजायला स्ट्रेन गेज नावाची बारीक पट्टी चिकटवतात. ती कॉम्प्युटरला जोडली की डेटा अ‍ॅक्विझिशन सॉफ्टवेअर चॅनल सेट करताना पहिल्यांदा विचारतं, क्वार्टर ब्रिज, हाफ ब्रिज की फुल ब्रिज?

हा ब्रिज म्हणजे बारावीच्या फिजिक्समधला व्हीटस्टन ब्रिज. पण हा व्हीटस्टन होता कोण?

चार्ल्स व्हीटस्टनचा जन्म १८०२ चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरजवळचा. घरचा धंदा वाद्यांचा. लंडनला काकांच्या वाद्यांच्या दुकानात तो काम शिकला. आवाज कसा तयार होतो, या नादातून तो विज्ञानाकडे वळला. कॉन्सर्टिना हे वाद्यही त्याचंच.

१८३४ मध्ये गडी लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्रोफेसर झाला. पण अडचण अशी होती की तो कमालीचा लाजाळू. लोकांसमोर उभं राहिलं की बोलती बंद. शेवटी त्याचं संशोधन रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे समजावून सांगायचा.

१८३७ मध्ये व्हीटस्टनने विल्यम कुकसोबत टेलिग्राफचं पेटंट घेतलं. पुढे श्रेय कुणाचं यावरून दोघांत असं वाजलं की १८४१ मध्ये प्रकरण लवादाकडे गेलं. लवादाने दोघांनाही वाटा दिला.

टेलिग्राफच्या कामात तारेचा रेझिस्टन्स अचूक मोजणं गरजेचं होतं. १८४३ मध्ये व्हीटस्टनने त्यासाठी एक सर्किट लोकांपुढे आणलं. चार रेझिस्टन्स चौकोनात जोडायचे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना बॅटरी, उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये मीटर. दोन्ही बाजू सारख्या असल्या की मीटर शून्यावर. थोडक्यात, विजेचा तराजूच.

पण ही आयडिया १८३३ मध्येच सॅम्युअल हंटर ख्रिस्ती या गणितज्ञाने मांडली होती. व्हीटस्टनने ते लपवलं नाही, श्रेय ख्रिस्तीलाच दिलं. तरी लोकांच्या तोंडी नाव बसलं ते व्हीटस्टनचं.

गंमत म्हणजे उलटंही घडलं. १८५४ मध्ये त्याने गुप्त संदेशांसाठी एक सायफर तयार केला. त्याचा प्रचार केला मित्र लॉर्ड प्लेफेअरने. आज जग त्याला प्लेफेअर सायफर म्हणतं.

१८७५ मध्ये पॅरिसला व्हीटस्टन वारला. स्ट्रेन गेज आला त्यानंतर साठेक वर्षांनी, १९३८ च्या सुमारास, अमेरिकेत. आणि तिथे हा जुना तराजूच कामी आला.

कसा? तर १२० ओहमचा गेज हजार मायक्रोस्ट्रेनने, म्हणजे मीटरमागे एक मिलिमीटर ताणला, तर गेज फॅक्टर २ धरून रेझिस्टन्स बदलतो जेमतेम ०.२४ ओहम. एवढासा फरक सरळ मोजणं अवघड. पण ब्रिज आधी शून्यावर आणला, की नंतर दिसतो तो फक्त फरक. ब्रिजला ५ व्होल्ट दिले तर एका गेजमागे साधारण अडीच मिलिव्होल्ट.

म्हणूनच सॉफ्टवेअर ब्रिजचा प्रकार, व्होल्टेज आणि गेज फॅक्टर विचारतं. चार बाजूंपैकी एकीवर गेज असेल तर क्वार्टर, दोन बाजूंवर हाफ, चारही बाजूंवर फुल. इथे चुकीचा पर्याय निवडलात, तर स्क्रीनवर आकडे दिसतील, पण खोटे. आणि पूल सुरक्षित आहे की नाही, हे त्याच आकड्यांवर ठरतं.

तेव्हा पुढच्या वेळी तो पर्याय निवडताना व्हीटस्टनसोबत ख्रिस्तीचीही आठवण ठेवा.